नदीचा उतार आणि नदीचं वय: कृष्णाकाठी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर पावसाळ्यात आयर्विन पुलावर पाणी बघायला गर्दी झाली की तेच तेच प्रश्न येतात, दहावीच्या पोरांचे वेगळे, एमपीएससीवाल्यांचे वेगळे आणि "सर, यंदा पाणी घरात येणार का" हा सगळ्यांचाच. मी भूगोल शिकवतो, राहतो सांगलीत, त्यामुळे उदाहरणं बहुतेक कृष्णेचीच येणार, त्याला इलाज नाही. उत्तरं सलग वाचली तर बरं, पण घाई असेल तर हवा तो प्रश्न गाठा.

नदीचा उतार म्हणजे नेमकं काय?

नदी एक किलोमीटर पुढं जाईपर्यंत किती खाली उतरते तो आकडा, बास. दहा किलोमीटरात वीस मीटर उतरली तर किलोमीटरला दोन मीटर, किंवा ५०० ला १ असंही म्हणतात. फक्त अंतर नदीच्या पात्रातून मोजायचं, हायवेवरून नाही, कारण नदी वळत वळत जाते आणि रस्ता सरळ जातो, आणि कमी अंतर धरलं की उतार उगाच जास्त निघतो.

आपल्याकडं उतार शब्दाचे अजून दोन अर्थ चालतात, त्यामुळं म्हाताऱ्या माणसांशी बोलताना गोंधळ होतो. "इथं नदीला उतार आहे" म्हणजे इथून चालत पलीकडं जाता येतं, आणि "पाण्याला उतार पडला" म्हणजे पूर ओसरायला लागला. इथं आपण बोलतोय तो तिसरा, मोजायचा उतार.

मग कृष्णेचा उतार किती?

उगम क्षेत्र महाबळेश्वरला, उंची साधारण १,३३७ मीटर. तिथून आंध्रात हंसलदीवीला समुद्राला मिळेपर्यंत लांबी साधारण १,४०० किलोमीटर. भागाकार केला की किलोमीटरला ९५ सेंटीमीटर येतात. गणित बरोबर आहे पण उत्तर कुणाच्याच कामाचं नाही, कारण असा उतार नदीला जवळपास कुठंच नाही.

तुकडे पाडून बघा. वाई ७२० मीटरच्या आसपास, म्हणजे पहिल्या ३५-४० किलोमीटरातच सहाशे मीटर संपले, किलोमीटरला पंधरा मीटर. कराड ५७० च्या आसपास, म्हणजे वाई ते कराड दीडशे मीटर. आणि सांगली ५५० ला. कराड ते सांगली पात्रातून मोजलं तर साधारण शंभर किलोमीटर धरा, आणि एवढ्या अंतरात उतरते किती, तर वीस मीटर! किलोमीटरला वीस सेंटीमीटर, म्हणजे एक वीत. हाताचा अंगठा आणि करंगळी ताणून धरा आणि एवढीच खाली जायला नदीला एक किलोमीटर लागतो हे डोक्यात बसवा, कारण खाली पुराचं उत्तर सगळं या एका वीतेवर उभं आहे.

(हे आकडे गावांच्या उंचीवरून काढलेले ढोबळ आहेत, नदीचा तळ गावापेक्षा खाली असतो, पण हिशोबाचा अंदाज यायला पुरतात.)

कागदावर हे काढलं की बागेतल्या घसरगुंडीसारखी रेघ दिसते, वर उभी आणि खाली येता येता आडवी. पुस्तकात याला नदीचा दीर्घ छेद म्हणतात.

नदी तरुण, प्रौढ, वृद्ध असते म्हणजे काय? नदीला वय कसं असेल?

ही कल्पना विल्यम मॉरिस डेव्हिस या अमेरिकन भूगोलवाल्याची, १८९९ मध्ये त्यानं ती व्यवस्थित मांडली आणि आपल्या पाठ्यपुस्तकात ती अजून तशीच चालू आहे. त्याचं म्हणणं असं की जमीन वर उचलली गेली की नदी आधी खाली खणत सुटते, ही युवावस्था, इंग्रजी व्ही अक्षरासारखी दरी, धबधबे, घळया. मग खणणं कमी होऊन ती आडवी पसरायला लागते, दरी रुंद होते, वळणं येतात, ही प्रौढावस्था. शेवटी उतारच उरत नाही, नदी वाहून आणलेलं टाकत बसते, पूरमैदान आणि त्रिभुज प्रदेश, ही वृद्धावस्था.

आता पोरं इथं काय समजतात की नदी आधी तरुण होती आणि आता म्हातारी झाली, माणसासारखी. असं नसतं हो. कृष्णा आज, या क्षणी, वाईजवळच्या धोम धरणाच्या वर तरुण आहे, कराडजवळ प्रौढ आहे आणि विजयवाड्याच्या खाली म्हातारी आहे, तिन्ही वयं एकाच दिवशी एकाच बाईच्या अंगावर. नदीचं वय ती किती वर्षं वाहतेय यावर ठरत नाही, त्या जागी तिला उतार किती शिल्लक आहे यावर ठरतं. मला विचाराल तर अवस्था हा शब्द ठीक आहे, वय शब्दानं घोळ केलाय.

तरी पण कृष्णा खरंच किती वर्षांची आहे?

सह्याद्रीचा काळा दगड, बेसाल्ट, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांनी बनला. महाराष्ट्रातली कृष्णा त्या थरांवर वाहते म्हणजे इथलं तिचं पात्र त्याच्या नंतरचं, एवढं नक्की. पठार पूर्वेकडं कललेलं असल्यामुळं पाणी पूर्वेला गेलं, अरबी समुद्र इतका जवळ असून.

महाबळेश्वरच्या एकाच देवळातून पाच नद्या निघतात, मग सावित्री एकटी अशी धावत कोकणात का जाते?

हा माझा आवडता प्रश्न. पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री, पाचही धारा एकत्र दाखवतात (खरे उगम आसपास आहेत, मंदिर श्रद्धेचा भाग आहे, पण उदाहरणाला याच्यापेक्षा चांगलं काही नाही). सुरुवातीची उंची तीच, पोचायचं समुद्रालाच. कृष्णेला तेवढं उतरायला १,४०० किलोमीटर मिळाले आणि सावित्रीला ११० च्या आसपास. म्हणजे सावित्रीचा सरासरी उतार कृष्णेच्या बारा-तेरा पट.

पण इथंही सरासरी फसवते. सावित्री ऑर्थर सीटच्या कड्याखाली दरीत उतरते, पोलादपूर करत महाडला येईपर्यंत जवळपास सगळी उंची संपलेली असते, आणि तिथून बाणकोटच्या खाडीपर्यंत उतार नावाला. म्हणजे तरुणपण झालं की थेट म्हातारपण! कोकणातल्या बहुतेक नद्यांचं हेच आहे, त्यांना मधलं वय मिळतच नाही. डोंगरातून जोरात आलेलं पाणी सपाटीवर येऊन थबकतं आणि त्याच जागी नेमकं गाव असतं, महाड घ्या नाहीतर वाशिष्ठीकाठचं चिपळूण घ्या. जुलै २०२१ मध्ये दोन्ही गावं बुडाली. भरतीची वेळ असेल तर पुढं समुद्र पाणी घेत नाही आणि मागून डोंगर थांबत नाही.

प्रत्यक्षात उभं राहून नदी कुठल्या अवस्थेत आहे ते कसं ओळखायचं?

खाली वाका आणि दगड बघा. वाईच्या वर एखाद्या ओढ्यात उतरलात तर डोक्याएवढे, कोपरे असलेले धोंडे, उचलले तर हाताला टोचतात. खाली येत जाल तसे गोटे, मुठीत मावणारे, गुळगुळीत. आणि सांगलीला घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून पाण्यात हात घाला, दगड सोडा, बोटांच्या मधून पोयटा निघून जातो, लोण्यासारखा. धोंडा ते पोयटा हा सगळा प्रवास उतार कमी होण्याचा आहे, जड आहे ते आधी टाकायचं, हलकं शेवटपर्यंत न्यायचं.

दुसरी खूण रांजणखळगे. निघोजला कुकडी नदीत आहेत ते बघितले नसतील तर एकदा जाच, उन्हाळ्यात पाणी कमी असताना. खडकातल्या छोट्या खोलगट जागेत एखादा गोटा अडकतो, पाण्याच्या भोवऱ्यात गरागरा फिरत राहतो, गिरमिटासारखं भोक पाडतो, आणि हजारो पावसाळ्यांनंतर माणूस आत उभा राहील एवढा रांजण तयार. पण गंमत बघा, निघोज काही डोंगरात नाही, चांगलं पठारावरचं गाव आहे, पुस्तकाप्रमाणं तिथं नदी प्रौढ पाहिजे. म्हणून म्हणतो उगमापासून अंतर मोजून वय सांगू नका, त्या जागेचा खडक आणि उतार बघून सांगा.

पुरात एवढे मोठे धोंडे वाहून येतात ते कसं शक्य आहे?

पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते हलवू शकतं त्या सगळ्यात मोठ्या दगडाचं वजन दुप्पट होत नाही, ढोबळ नियमानं ६४ पट होतं, वेगाचा सहावा घात. एरवी किलोभराचा गोटा ढकलणारा ओढा वेग दुप्पट झाल्यावर ६४ किलोचा धोंडा ढकलतो. म्हणून तरुण नदी वर्षाचं सगळं काम चार-पाच दिवसात करते, उरलेले दिवस नुसती खळखळ.

वरची नदी वेगवान आणि खालची संथ, बरोबर ना?

सगळे असंच म्हणतात, "संथ वाहते कृष्णामाई" म्हणूनच सगळ्यांच्या तोंडी आहे. पण मोजलं की वेगळंच निघतं. वरचा ओढा उथळ असतो, दगडाधोंड्यांवर आपटत, फेसाळत जातो, त्याची निम्मी ताकद घासण्यातच जाते. खालची नदी खोल, तिचा तळ गुळगुळीत, पाण्याला अडवणारं काही नाही. अमेरिकेत लिओपोल्ड आणि मॅडॉक या दोघांनी १९५३ मध्ये नद्यांची मोजमापं मांडून दाखवलं की खाली जाताना सरासरी वेग कमी होत नाही, उलट थोडा वाढतो.

कागदावर करून बघू. अर्धा मीटर खोल ओढा, उतार ५० ला १, दगडाळ तळ, इंजिनिअर लोक मॅनिंगचं सूत्र वापरतात त्यात टाकलं तर वेग येतो सेकंदाला साधारण दीड मीटर. आता पुरातली नदी घ्या, खोली दहा मीटर, उतार ५,००० ला १, तळ गुळगुळीत, वेग दोन मीटरच्या वर! उतार शंभर पट कमी असून. सूत्रात उताराचं वर्गमूळ येतं म्हणून उतार घटला तरी फटका कमी बसतो आणि खोलीचा फायदा जास्त मिळतो. त्यामुळं पुरातलं पाणी वरून शांत दिसतं म्हणून कुणी पोहायला उतरायचं धाडस करू नका, फेस नाही म्हणजे ओढ नाही असं नसतं.

नदी वळणं का घेते?

सरळ पात्रात पाणी वाहत असलं तरी कुठंतरी एखादा काठ थोडा मऊ असतो, तिथं थोडं जास्त खरवडलं जातं. झालं, पाणी तिकडं झुकतं. मग वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी जोरात आपटतं आणि काठ ढासळतो, आतल्या बाजूला पाणी मंद आणि तिथं वाळू साठते. वळण स्वतःच स्वतःला वाढवत नेतं. पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ती चंद्रभागा, नाव ठेवणाऱ्यानं नकाशा न बघता आकार बरोबर पकडलाय.

शेतकऱ्याला हे पुस्तकाशिवाय माहीत असतं. एका काठाला दरवर्षी मळी, म्हणजे गाळाची जमीन, वाढते आणि समोरच्याचं दोन-चार गुंठे रान नदीत जातं, सातबारा मात्र जागचा हलत नाही. मग भांडण तलाठ्याकडं.

आपल्याकडं ती घोड्याच्या नालेसारखी सरोवरं का दिसत नाहीत?

नालाकृती सरोवर, काही पुस्तकात कुंडलकासार. वळण फार वाढलं की पुरात नदी मान तोडून सरळ जाते आणि जुनं वळण तळं म्हणून मागं राहतं. त्याला मऊ गाळाचं मोठं मैदान लागतं. बिहारमध्ये बेगुसरायजवळचा काबर ताल हा बुढी गंडकच्या सोडलेल्या वळणातून झालाय. आपल्या नद्यांच्या खाली बेसाल्ट लगेच लागतो आणि काठ उंच असतात, नदी एका जागी अडकून पडते, त्यामुळं असलं तळं आपल्याकडं क्वचित. परीक्षेत महाराष्ट्रातलं उदाहरण विचारलं तर ओढूनताणून देऊ नका.

गाळ टाकते म्हणजे किती टाकते? दिसतो का कुठं?

सांगलीच्या शेजारी हरिपूरला जा. तिथं हळद साठवायची पेवं होती, जमिनीत खोल खणलेल्या विहिरीसारख्या, तोंडाशी अरुंद आणि आत घागरीसारख्या फुगलेल्या खोल्या, त्यात हळद ठेवून तोंड बंद करायचं, वर्षानुवर्षं कीड लागत नाही म्हणत. एवढं खोल खणूनही खडक लागत नाही आणि भिंती ढासळत नाहीत, कारण तो सगळा नदीनं आणून टाकलेला घट्ट गाळ आहे. म्हणजे सांगलीचा हळदीचा बाजार मोठा झाला त्यात नदीच्या त्या संथ अवस्थेचाही हात आहे असं मी पोरांना सांगतो. मग २००५ चा पूर आला आणि त्याच नदीचं पाणी पेवात शिरलं, कितीतरी पेवं गेली.

सांगलीला पूर इतके दिवस का राहतो?

आता ती वीत आठवा. कराडला प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, दोन माणसं गळाभेट घेतात तशा, आणि काटकोनात पूर्वेला वळतात. तिथून पुढं दुप्पट पाणी आणि किलोमीटरला वीतभर उतार. सांगलीला आलं की लगेच खाली हरिपूरला वारणा मिळते, ती भरलेली असेल तर कृष्णेला पुढं वाट मिळत नाही, पाणी मागं तुंबतं. त्याच्याही पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा, तिची पण तीच गत. उतार जास्त असता तर खालची नदी थोडी फुगली म्हणून वरच्या गावाला फरक पडला नसता. वीतभर उताराला खाली एक मीटर पाणी चढलं की त्याचा धक्का कितीतरी किलोमीटर मागं लागतो, हिशोब तुम्हीच करा, एक मीटर म्हणजे पाच वीता, म्हणजे पाच किलोमीटरचा सगळा उतार गेला.

आयर्विन पुलाला इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी चढताना इंचाइंचानं चढतं आणि उतरताना तर त्याहून हळू, लोक पुलाच्या कठड्याला टेकून नुसते आकड्याकडं बघत बसतात. महाडला एका रात्रीत येतं आणि जातं, इथं आठवडा मुक्काम. दोन्हीचं कारण उतारच.

नृसिंहवाडीला मात्र या चढणाऱ्या पाण्याचा सोहळा करतात. उत्तरेच्या दारातून पाणी देवळात शिरतं आणि दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं तेव्हा दक्षिणद्वार झालं म्हणतात, लोक त्या पाण्यात स्नानाला येतात. पाणी इतकं सावकाश चढतं म्हणूनच हे जमतं, सावित्रीकाठी असलं काही करून दाखवा!

अलमट्टीमुळं पूर येतो का?

अलमट्टी म्हणजे आपल्या खाली कर्नाटकात कृष्णेवर बांधलेलं धरण. या प्रश्नावर सांगली-कोल्हापुरात मित्र तुटलेत, तरी सांगतो. अलमट्टीची पूर्ण साठ्याची पातळी ५१९.६ मीटर आहे आणि कर्नाटकला ती ५२४.२५६ पर्यंत न्यायचीय, राज्यांमधल्या पाणीवाटपाचा निवाडा करणाऱ्या कृष्णा लवादानं तसं मान्यही केलंय. सांगली ५५० च्या आसपास, म्हणजे धरणाचं स्थिर पाणी काही थेट सांगलीत येत नाही. पण पुराचं पाणी स्थिर नसतं, त्याला वाहायला वर थोडा फुगवटा घ्यावाच लागतो, आणि धरणात गाळ साठत गेला की तो फुगवटा अजून मागं सरकतो. २०१९ नंतर राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं पुराचा ठपका अलमट्टीवर ठेवला नाही, इकडं ते पटलेले लोक कमी आहेत. माझं मत विचाराल तर मधले बंधारे, पुलांचे भराव, पूररेषेत झालेली बांधकामं आणि तीन नद्यांचं एकदम येणं याच्याकडं आधी बघावं, पण पाच मीटर उंची वाढवायला मी सांगलीकर म्हणून हो म्हणणार नाही. उतारच एवढा कमी आहे की चूक करायला जागा नाही.

धरण बांधल्यावर नदीच्या वयाचं काय होतं?

नदी जिथपर्यंत खाली खणू शकते ती तिची आधारपातळी, शेवटी ती समुद्र असते. धरण मधेच एक खोटी आधारपातळी उभी करतं. जलाशयात शिरताना नदीला वाटतं समुद्र आला, ती तिथंच गाळ टाकते, म्हणजे भर डोंगरात एकदम म्हातारी होते. उन्हाळ्यात पाणी मागं गेलं की त्याच गाळावर लोक गाळपेर करतात. धरणाच्या खाली उलटं, निवळशंख पाणी सुटतं, त्याच्याकडं गाळ नाही म्हणून ते तळ आणि काठ खात जातं. त्यात वाळूउपसा धरा, आत ट्रॅक्टर, वर जेसीबी. पात्र खोल गेलं की शेजारच्या विहिरींचं पाणी पण खाली जातं, हे नदीकाठचा कुणीही सांगेल.

नदी पुन्हा तरुण होते का?

होते, याला पुनरुज्जीवन म्हणतात. जमीन वर उचलली, समुद्र खाली गेला, किंवा हवामान बदलून पाणी वाढलं की नदी परत खणायला लागते. प्रवरेच्या काठी संगमनेरकडं बघा, एके काळी नदीनंच जाड गाळ टाकला आणि नंतर तोच कापत खाली गेली, काठाला चंबळसारख्या घळी पडल्यात.

आणि कृष्णेचंच घ्या. पुस्तकाप्रमाणं सांगलीच्या पुढं तिनं म्हातारं होत जायला पाहिजे. प्रत्यक्षात कर्नाटकात नारायणपूर धरणाच्या खाली जलदुर्गजवळ ती खडकांवरून कोसळत उतरते, आणि पुढं श्रीशैलमला नल्लमलाच्या डोंगरात इतकी खोल घळई की देवळापासून नदीवर जायचं तर पायऱ्याच पायऱ्या, तिथं तिचं नावच पाताळगंगा. हजारभर किलोमीटर चालून आलेली नदी परत पोरीसारखी वागते. कारण पायाखालचा दगड बदलला. श्रीशैलमची पूर्ण पातळी २६९ मीटरच्या आसपास आणि नागार्जुनसागरची १८० च्या, थोड्याशा अंतरात एवढा फरक. डेव्हिसची गोष्ट चुकीची नाही, पण फार सरळ आहे.

एक नदी दुसरीचं पाणी पळवते हे खरं आहे का?

हो, त्याला नदीचौर्य म्हणतात आणि त्यात चोर नेहमी जास्त उताराचा असतो. कोकणात उतरणारे ओढे सह्याद्रीचा कडा मागं खात येतात, तिकडची उभी भिंत आणि इकडचं निवांत पठार, सामना बरोबरीचा नाहीच. खात खात पलीकडच्या नदीपर्यंत पोचला की तिचं पाणी इकडं वळतं. याला लाखो वर्षं लागतात.

माणसानं मात्र ते एका पिढीत केलं. कोयना महाबळेश्वरला निघते, सह्याद्रीला समांतर दक्षिणेला येते आणि हेळवाकला पूर्वेला वळते. म्हणजे कोकणाचा कडा हाताच्या अंतरावर आणि पाणी चाललंय बंगालच्या उपसागराकडं. कोयनानगरला धरण बांधलं, डोंगरातून बोगदे काढले आणि पाणी पश्चिमेला पोफळीकडं सोडलं, साधारण पावणेपाचशे मीटरची पडत, म्हणजे पाणी खाली पडायची उंची, मिळाली आणि त्यावर वीज. पूर्वेला तेवढी पडत मिळवायची तर तेच पाणी कर्नाटक ओलांडून जावं लागलं असतं. पाणीवाटपाच्या लवादानं पश्चिमेला वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) मर्यादा घातली होती. ते पाणी शेवटी वाशिष्ठीतून चिपळूणवरून समुद्राला जातं, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी अरबी समुद्रात.

कोकणातल्या नद्यांना त्रिभुज प्रदेश का नाही?

गाळ कमी, लांबी कमी, आणि मुखाशी भरती-ओहोटी दोन वेळा झाडू मारते. म्हणून खाड्या. गोव्यात मांडवीचंही तेच.

गूगल अर्थवर उतार काढता येतो का?

येतो. नदीवरून पाथ काढा आणि एलिव्हेशन प्रोफाइल बघा. डोंगरातल्या तुकड्याला छान चालतं. सांगलीसारख्या ठिकाणी नका करू, तिथली चूकच काही मीटरची असते आणि उतार वीतभर, मग नदी डोंगर चढताना दिसते! पूल, झाडं हे सगळं उंची म्हणून धरलं जातं. त्यापेक्षा भारतीय सर्वेक्षण विभागाची ५०,००० ला १ ची टोपोशीट घ्या, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटरच्या अंतरानं असतात, दोन रेषा नदीला कुठं कापतात ते बघा आणि मधलं अंतर दोऱ्यानं मोजा. एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासच्या टेस्टमध्ये हे अंतर पट्टीनं सरळ मोजून उत्तर छापलं होतं आणि बरोबर मोजणाऱ्या माझ्या दोन पोरांचे मार्क कापले, अजून राग जात नाही.

परीक्षेत नक्की काय लिहायचं?

तीन अवस्था, प्रत्येकीची भूरूपं, एक आकृती. वर मी जे पुस्तकाशी भांडलोय ते शेवटच्या दोन ओळीत, तेही पदवीला असाल तर.

गावच्या ओढ्याचा उतार आपण स्वतः मोजू शकतो का?

शकता, आणि मजा येते. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल पाईप मागून आणा, दहा-पंधरा मीटरची, एक टेप आणि तीन पोरं. पाईपमध्ये पाणी भरा, चिमूटभर हळद टाकली की पाणी लांबून दिसतं. एक जण वरच्या बाजूला, एक खालच्या बाजूला, दोघांनी पाईपचं टोक उभं धरायचं. पाईपमधलं पाणी दोन्हीकडं एकाच पातळीला थांबतं, हीच पाणसळ. आता ओढ्याच्या पाण्यापासून त्या पातळीपर्यंत दोन्हीकडं उंची मोजा. वरच्याकडं ४० सेंटीमीटर आणि खालच्याकडं ४७ निघाले तर दहा मीटरात सात सेंटीमीटर उतार. असं पाच-सहा वेळा पुढं सरकत करा आणि बेरीज घ्या, एकाच वेळच्या मोजणीवर भरवसा नको.

आम्ही एका ओढ्यावर केलं होतं, साठ मीटरात ४१ सेंटीमीटर, म्हणजे साधारण १४६ ला १. एक पोरगा आधी पैज लावून म्हणत होता की हा ओढा एकदम सपाट आहे. नंतर त्यानंच नारळ सोडला आणि वीस मीटर जायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर बघितलं (वरचं पाणी जास्त पळतं म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ नं गुणायचं). पाईप भरताना आत हवेचा बुडबुडा राहिला तर दोन्हीकडची पातळी खोटी येते, आम्ही पहिला अर्धा तास त्यातच घालवला, तेव्हा मोजायच्या आधी पाईप सगळी हातानं टिचकी मारत तपासून घ्या.